चोच कापलेल्या कोंबड्यांना मॅश की पेलेट?

व्यावसायिक फार्मवरून निघालेल्या, साधारण दीड वर्षाच्या कोंबड्या घरी आणल्या की खुराड्याची सोय आधी होते आणि खाद्याचा विचार मागाहून सुचतो. माझंही तसंच झालं. फार्मवर कापल्यामुळे त्यांची वरची चोच आखूड, खालची जरा पुढे आलेली. अशी चोच चिमट्यासारखी जुळत नाही, तिचं फावडं होतं. दाणा उचलायचा नाही, खाद्यात चोच खुपसून घास भरायचा. मॅश म्हणजे भरडलेल्या खाद्याची पूड आणि पेलेट म्हणजे तेच खाद्य दाबून केलेल्या गोळ्या; हे दोन्ही मी आलटून पालटून वापरलेत, तेवढ्या अनुभवावर हे लिहितोय.

पेलेटवर अन्याय करायचा नाही. सांडलवंड कमी, धूळ जवळपास नाही, आणि प्रत्येक गोळीत सगळं सारखं, त्यामुळे मका वेचून बाकीची पूड मागे टाकायची लबाडी चालत नाही. चोच शाबूत असलेल्या कोंबड्यांना मी फारसा विचार न करता पेलेटच घालीन.

पण कापलेल्या चोचीशी त्याचं जमतं ते भांडं भरलेलं असेपर्यंतच. तीन-चार बोटं खोल थर असेल तर कोंबडी आरामात खाते. थर पातळ झाला की खेळ सुरू. गुळगुळीत तळावर गोळी निसटते, पुन्हा टक्, पुन्हा निसटते. दहा टोचींत एखादी गोळी आत जाते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, छान खातेय. भांड्यात खाद्य दिसतं, चोच हलताना दिसते, आणि कोंबडी अर्धपोटी.

मी यात बरेच दिवस फसलो, कारण माझ्याकडे अख्ख्या चोचीच्या दोन कोंबड्याही होत्या. उरलेल्या गोळ्या त्या संपवायच्या. रात्री भांडं रिकामं, मी खूश. मग एकदा सगळ्या दांडीवर चढल्यावर सहज एकीला उचललं. झोपायच्या वेळी गळ्याखालची पिशवी भरलेली हाताला लागायला हवी. तिची चपटी होती, आणि छातीचं हाड बोटाला टोचत होतं. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला म्हणा ना.

यावर उपाय आहे: भांडं कायम भरलेलं ठेवा. मीही ठेवलं. पण मग तळाचं खाद्य कधीच संपत नाही, वर नवं पडत राहतं, खालचं दमट होऊन वास मारू लागतं. दर दोन-तीन दिवसांनी सगळं उपसा, चांगलं-वाईट निवडा. या एका कामाला मी कंटाळलो. ज्याला हे जमतं त्याने पेलेट जरूर चालू ठेवावं. क्रंबल, म्हणजे पेलेट फोडून केलेला जाडसर चुरा, हा मधला मार्ग म्हणतात, पण माझ्याकडे त्याची तळाशी पूडच व्हायची.

मॅशचे त्रास वेगळे. धूळ उडते. चोचीला लागलेली पूड पाण्यात उतरते आणि पाण्याच्या भांड्यात चिखल होतो. उन्हाळ्यात ते दिवसातून दोनदा धुवावं लागतं. निवडून खाण्याची सवयही सुटत नाही. पण फावड्याला पूडच सोपी, आणि फार्मवर त्यांनी बहुधा मॅशच खाल्लेला असतो, त्यामुळे ओळख करून द्यावी लागत नाही. शिवाय मॅश खायला वेळ लागतो. पेलेट झटपट खाऊन झाल्यावर रिकामटेकड्या कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागतात, आणि याच खोडीपायी तर त्यांच्या चोची कापलेल्या असतात!

मी सकाळी कोरडा मॅश देतो आणि दुपारी थोडा ओलसर. मुठीत दाबला तर गोळा व्हावा, बोट लावलं की फुटावा, इतपतच पाणी. पातळ केलात तर चोचीला थापून बसतो, आणि बोथट चोचीने त्यांना तो पुसता येत नाही. गरम हवेत तासा-दोन तासांत संपेल एवढाच कालवा, आंबलेला पुढे ठेवू नका. भांडं खोल हवं, ही अट मॅशलाही लागू आहेच. फक्त इथे तळाशी उरतं ते ओलं करून पुन्हा घालता येतं.

दाणे उधळून द्यायची हौस असेल तर टणक जमिनीवर नको, भुसभुशीत मातीत किंवा खुराड्यात अंथरलेल्या भुशाच्या जाड थरावर द्या, तिथे खुपसून काही तरी मिळतं. आणि पिशवी चाचपायला कोंबडी उचललीच आहे, तर शेपटीखालची पिसंही बाजूला करून बघा. कापलेल्या चोचीने पिसं नीट विंचरता येत नाहीत, उवा आणि माइट्स (उवांसारखेच अंगावर जगणारे बारीक किडे) तिथेच साठतात. खाद्य कुठलंही घाला, ही तपासणी चुकत नाही.

पेलेटचं पोतं आधीच आणून ठेवलं असेल तर वाया जाणार नाही. गोळ्यांवर कोमट पाणी ओता आणि थोडा वेळ झाकून ठेवा. फुगून फुटतात, आणि मग तो मॅशच झाला.