गलांड्याचं पाकीट: बी चांगलं, मागची सूचना गोव्याला न चालणारी

म्हापशातल्या एका नर्सरीत मिळणारं हे दुहेरी गलांड्याचं (गॅलार्डिया) पाकीट जरूर घ्या. पण मागे 'बाराही महिने पेरा' असं छापलंय, ते गोव्यात अजिबात पाळू नका. घाटावर ते चालतं. इथे जून ते सप्टेंबर वाफा सुकतच नाही, देठ मातीलगत काळा पडतो आणि हिरवंगार रोप अचानक मान टाकतं. झाड मुळात अमेरिकेच्या (यूएसए) दक्षिणेकडच्या राज्यांतल्या आणि उत्तर मेक्सिकोतल्या कोरड्या माळांवरचं. ओक्लाहोमाने १९८६ साली त्याला राज्याचं रानफूल ठरवलं. ऊन कितीही द्या, ओल नको. पेरणी पाऊस पूर्ण ओसरल्यावर, दिवाळीच्या आसपास.

पाकीट उघडल्यावर भुसा दिला की काय असं वाटेल. बुडाशी राठ केस आणि डोक्यावर पातळ खवल्यांचा तुरा, असंच हे बी असतं. चोळून साफ करू नका. चिमटीत दाबून चपटं होतं ते मात्र पोकळ, आणि तसं या पाकिटात बरंच आहे. म्हणून ट्रेच्या एका खणात तीन बिया टाका, वरून जेमतेम २-३ मिलिमीटर कोकोपीट. जाड थर दिला की उगवण बसते. एक ते दोन आठवड्यांत कोंब दिसतात.

चार-सहा पानांवर रोपं वीतभर उंच वाफ्यात, ३० सेंटीमीटरवर लावा. चिऱ्याची लाल माती घट्ट बसते, तिच्यात एक तृतीयांश नदीची रेती मिसळा. किनाऱ्यालगतच्या वाळूत ही कटकट नाही. खारा वारा गलांडा छान सोसतो. शेणखत ओंजळभर पुरे, युरिया नकोच, नाहीतर नुसता पाला माजतो. सुकलेली फुलं खुडत राहा. खुडताना कोणाकोणाच्या हाताला खाज सुटते, तेव्हा हातमोजे बरे.

काही झाडं एकेरी निघतील: मध्ये तपकिरी टिकली, भोवती लाल पाकळ्या, पिवळ्या टोकाला तीन दात. हाराला ती कमी पडतात, पण मधमाश्या त्यांच्यावरच जास्त बसतात. ठेवाच.

पुढच्या वर्षासाठी दुहेरी झाडांची वाळलेली बोंडं मे संपायच्या आत काढा, दोन दिवस सावलीत सुकवा आणि मगच घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. ओलसर भरलीत, तर पावसाळ्यात बुरशी धरलीच.