डी अँड डीमधला विझर्ड: सातव्या लेव्हलपर्यंतचा अनुभव

गेले बरेच महिने मी डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळात विझर्ड, म्हणजे पुस्तकातून जादू शिकणारा जादूगार, खेळतेय. पात्र पहिल्या लेव्हलपासून वाढवलं, आता ते सातव्या लेव्हलला आहे. मोहीम २०१४च्या प्लेयर्स हँडबुकवर, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकावर, सुरू झाली आणि मध्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून २०२४चे सुधारित नियम घेतले, त्यामुळे जादूचे जुने-नवे दोन्ही नियम हाताखालून गेलेत. मत आधीच सांगून टाकते. या खेळातली जादू फार विचारपूर्वक बांधलेली आहे आणि तिची सगळी मदार दोन लाँग रेस्टच्या, म्हणजे खर्च झालेली जादू परत देणाऱ्या लांब विश्रांतींच्या, मधल्या अंतरावर आहे. ते अंतर डीएमने, म्हणजे खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरने, नीट राखलं तर विझर्डसारखा क्लास (पात्राचा प्रकार) नाही. ते ढिलं पडलं की बाकीचे नियम कितीही चोख असोत, विझर्ड पार्टीतल्या बाकी सगळ्यांना झाकोळून टाकतो.

ज्यांनी जादूगार कधी खेळलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मंत्रांच्या पातळ्या १ ते ९, पात्राच्या लेव्हल १ ते २०, आणि दोन्ही एकमेकांशी जुळत नाहीत. दुसऱ्या पातळीचे मंत्र तिसऱ्या लेव्हलला मिळतात, तिसऱ्या पातळीचे पाचव्या लेव्हलला. मंत्र कास्ट करायला, म्हणजे टाकायला, स्लॉट खर्च होतो; स्लॉट म्हणजे मंत्र टाकण्याची एक मोजकी संधी. पहिल्या लेव्हलच्या विझर्डकडे अवघे दोन स्लॉट असतात. पाचव्या लेव्हलला पहिल्या पातळीचे चार, दुसऱ्या पातळीचे तीन आणि तिसऱ्या पातळीचे दोन. संपले की आठ तासांची लाँग रेस्ट झाल्याशिवाय परत येत नाहीत. विझर्डला एक सवलत आहे, आर्केन रिकव्हरी: दिवसातून एकदा, तासाभराच्या शॉर्ट रेस्टनंतर, आपल्या लेव्हलच्या निम्म्या पातळ्यांचे स्लॉट परत घेता येतात. पाचव्या लेव्हलला हा आकडा वर पूर्ण करून तीन होतो, म्हणजे तिसऱ्या पातळीचा एक स्लॉट. मी जवळजवळ दर वेळी तोच घेतला. कॅन्ट्रिपना, म्हणजे छोट्या मंत्रांना, मात्र स्लॉट लागत नाही. फायर बोल्ट दिवसभर मारत राहा, पहिल्या लेव्हलला १डी१० (दहा बाजूंचा एक फासा) नुकसान, पाचव्या लेव्हलपासून २डी१०.

कॅन्ट्रिपचं महत्त्व जुने नियम पाहिले की कळतं. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ आला तेव्हापासून पहिल्या लेव्हलच्या मॅजिक-युजरला दिवसाला एकच मंत्र मिळायचा. तो टाकला की उरलेला दिवस खंजीर घेऊन फायटरच्या मागे उभं राहायचं. पुढे २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत स्लॉट वाढले, पण कोणत्या स्लॉटमध्ये कोणता मंत्र हे सकाळीच ठरवावं लागे. दोन फायरबॉल हवे असतील तर दोन स्लॉटमध्ये फायरबॉल भरा, आणि दिवसभर आग न लागणारे शत्रूच भेटले तर ते तसेच वाया. पाचव्या, म्हणजे २०१४च्या, आवृत्तीने ही गाठ सोडली. सकाळी मंत्रांची यादी ठरवायची आणि त्यातला कुठलाही मंत्र, जमेल तितक्या वेळा, हव्या त्या स्लॉटमधून टाकायचा. वरच्या स्लॉटमधून टाकला तर बहुतेक मंत्र वाढतात: फायरबॉल तिसऱ्या पातळीला ८डी६, चौथ्याला ९डी६. या एका बदलामुळे विझर्ड खेळणं किती मोकळं झालंय हे जुन्या पद्धतीने खेळलेल्या माणसालाच विचारावं.

आता कॉन्सन्ट्रेशनबद्दल. मला विचाराल तर अख्ख्या पुस्तकातला हा सर्वांत उत्तम नियम आहे आणि त्याबद्दल सविस्तरच लिहायला हवं.

नियम साधा आहे. जे मंत्र टाकल्यावर टिकून राहतात, त्यांतल्या बऱ्याचशांवर लक्ष धरून ठेवावं लागतं, आणि एका वेळी एकाच मंत्रावर लक्ष धरता येतं. दुसरा तसा मंत्र टाकला की पहिला सुटला. मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा (शरीराच्या चिवटपणाचा) सेव्ह, म्हणजे वीस बाजूंच्या फाशात बोनस मिळवून द्यायची बचावाची परीक्षा; गाठायचा आकडा, म्हणजे डीसी, १० किंवा झालेल्या नुकसानाच्या निम्मा, यातलं जे मोठं असेल ते. बेशुद्ध पडलात तर मंत्र तिथेच संपला.

टेबलावर हे कसं दिसतं ते एका लढाईवरून सांगते. पाचव्या लेव्हलला आम्ही एका पडक्या बुरुजाच्या जिन्यात अडकलो होतो. वरून हॉबगॉब्लिन उतरत होते आणि आमचा फायटर एकटा वाट अडवून उभा होता. मी जिन्यात वेब टाकलं. दुसऱ्या पातळीचा मंत्र, २० फुटांचा चौकोनी ठोकळा भरून जाळं, त्यातून वाचायला शत्रूंनी गाठायचा माझा सेव्ह डीसी १५. चौघे अडकले. अडकलेल्यांवर वार करताना आपल्याला दोन फासे टाकून मोठा घेण्याची सवलत, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज, त्यांच्या वारांना उलट लहान फासा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज, आणि सुटायचं तर एक पूर्ण अ‍ॅक्शन खर्चून ताकदीचा चेक. फायटर निवांतपणे एकेकाला गाठू लागला.

डीएम हुशार. त्याने मागचे दोन धनुर्धारी थेट माझ्याकडे वळवले. पहिला बाण लागला, सात हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) गेले. डीसी १०. फाशावर ९, त्यात कॉन्स्टिट्यूशनचे २, अकरा. जाळं टिकलं. दुसऱ्या बाणाची बेरीज १८ आणि माझा एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) मेज आर्मर हा रक्षक मंत्र धरून १५. रिअ‍ॅक्शनला शील्ड टाकलं, एसी पाचने वाढून २० झाला, बाण हुकला. म्हणजे दुसऱ्या पातळीचं जाळं वाचवायला पहिल्या पातळीचा स्लॉट मोजला. इकडे आमची सॉर्सरर (उपजत जादू असलेली जादूगार) फायरबॉल हातात घेऊन थांबलेली, कारण वेबच्या जाळ्याला आग लागली की ते एका राउंडमध्ये जळून जातं. तिने तो फायरबॉल राखून ठेवला आणि जिन्याच्या माथ्यावर, जाळ्याच्या पलीकडे, नवी तुकडी जमल्यावर फेकला. चार खेळाडू, एक जाळं, आणि प्रत्येकाचा निर्णय त्या जाळ्याभोवती फिरतोय. असं नाट्य नुसत्या नुकसानाच्या आकड्यांतून कधी उभं राहत नाही.

थोडं गणितही पाहा. कॉन्स्टिट्यूशनचा बोनस २ असेल तर डीसी १०चा सेव्ह ६५ टक्के वेळा जमतो. बरं वाटतं. पण प्रत्येक फटक्याला वेगळा सेव्ह असतो, त्यामुळे एकाच राउंडमध्ये तीन बाण लागले तर मंत्र टिकण्याची शक्यता साधारण २७ टक्क्यांवर येते. म्हणून विझर्डने मार न खाणं हेच कॉन्सन्ट्रेशनचं खरं रक्षण. भिंतीआड उभं राहा, मंत्र टाकून मागे सरका, मिस्टी स्टेपने ३० फूट लांब व्हा. हेस्ट (साथीदाराला वेग देणारा मंत्र) टाकलं असेल तर दुप्पट काळजी घ्या, कारण ते तुटलं की ज्याच्यावर टाकलं तो पुढचा अख्खा टर्न हलूही शकत नाही. आमच्या रेंजरवर ही वेळ आली आहे आणि तो टर्न फार लांब वाटतो.

मंत्रांचं पुस्तक हा विझर्डचा दुसरा आनंद. सुरुवातीला पहिल्या पातळीचे सहा मंत्र, पुढे दर लेव्हलला दोन नवे, आणि बाकीचे शोधून, सापडलेल्या स्क्रोलवरून किंवा शत्रूच्या पुस्तकातून उतरवून घ्यायचे. उतरवायला मंत्राच्या दर पातळीमागे दोन तास आणि ५० सोन्याची नाणी. तिसऱ्या पातळीच्या मंत्राला सहा तास आणि १५० नाणी. हरलेल्या जादूगाराचं पुस्तक हाती लागतं तेव्हा बाकीची पार्टी त्याच्या तिजोरीकडे धावते आणि मी पुस्तकाकडे. सकाळच्या तयारीचा आकडा २०१४मध्ये लेव्हल अधिक बुद्धिमत्तेचा बोनस असा होता, २०२४मध्ये तक्त्यात ठरलेला आहे, पाचव्या लेव्हलला नऊ. दोन्हींत खेळताना फारसा फरक जाणवला नाही.

मंत्रांना लागणाऱ्या सामग्रीचे नियम आम्ही पटकन उरकतो. फोकस (कांडीसारखी जादूची वस्तू) हातात असेल तर वटवाघळाची विष्ठा आणि गंधक मोजत बसावं लागत नाही. किंमत लिहिलेली वस्तू मात्र खरंच लागते: आयडेंटिफायला १०० नाण्यांचा मोती, क्लेरिकच्या (देवाकडून जादू मिळवणाऱ्या पात्राच्या) रिव्हिव्हिफायला ३०० नाण्यांचे हिरे, आणि ते हिरे संपतात. मेलेल्या साथीदाराला उठवायचं तर आधीपासून हिरे जमवून ठेवावे लागतात, हे मला आवडतं. मरणाला वजन राहतं.

रिच्युअलचं तसं नाही, तिथे थांबायला हवं. रिच्युअल म्हणून टाकलेल्या मंत्राला दहा मिनिटं जास्त लागतात पण स्लॉट लागत नाही, आणि विझर्डला तो सकाळी तयार केलेला असण्याचीही गरज नाही, पुस्तकात असला की पुरे. डिटेक्ट मॅजिक, फाइंड फॅमिलियर, आयडेंटिफाय, सगळं असंच. त्यातच पाचव्या लेव्हलला टायनी हट मिळतं: दहा फूट त्रिज्येचा घुमट, आठ तास टिकतो, बाहेरचं कोणी आत येऊ शकत नाही. एकही स्लॉट न खर्चता शत्रूच्या गुहेत बसून लाँग रेस्ट. एवढं हाती आल्यावर प्रत्येक पार्टीला तेच सुचतं: दोन लढाया करा, घुमट घाला, झोपा, उठा, सगळे स्लॉट भरलेले.

इथेच सुरुवातीला सांगितलेली मदार ढासळते. २०१४चं डन्जन मास्टर्स गाइड एका दिवसात सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी गृहीत धरतं. बहुतेक टेबलांवर तेवढ्या होत नाहीत, एक-दोनच होतात. मग विझर्डला स्लॉट वाचवायचं कारणच उरत नाही, तो प्रत्येक राउंडला मोठे मंत्र ओततो. फायटर दर टर्नला तलवारच चालवत असतो. वॉरलॉक हाही जादू करणारा क्लास, पण त्याची अवस्था त्याहून अवघड. त्याचे स्लॉट शॉर्ट रेस्टनंतर भरतात, दुसऱ्या लेव्हलपासून दहाव्यापर्यंत ते दोनच असतात, आणि दिवसात शॉर्ट रेस्टच झाली नाही तर दोन मंत्रांवर दिवस काढायचा. आमच्या टेबलावरचा वॉरलॉक काही सेशन अगदी गप्प असायचा, त्यामागे हेच होतं.

त्याच गाइडमध्ये ग्रिटी रिअ‍ॅलिझमचा पर्याय आहे, त्यात शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची. आम्हाला ते फार झालं, कारण आठ तास टिकणारे मेज आर्मरसारखे मंत्र त्यात कुचकामी होतात. आम्ही वेगळं ठरवलं: लाँग रेस्ट फक्त सुरक्षित वस्तीत, आणि रानात किंवा गुहेत रात्र काढली तर ती शॉर्ट रेस्ट. शिवाय डीएम कथेतच वेळेची टांगती तलवार ठेवतो, कैदी उद्या संध्याकाळपर्यंत सोडवायचा तर सोडवायचाच. दोन-तीन सेशनमध्ये खेळ बदलला. दिवसाच्या चौथ्या लढाईत तिसऱ्या पातळीचा एकच स्लॉट उरलेला असताना शत्रूंना गुंगवणारा हिप्नॉटिक पॅटर्न टाकू की फायरबॉल, हा प्रश्न पडायला लागला, आणि मला विझर्ड खेळायचा होता तो याच प्रश्नासाठी. वॉरलॉकवाला मित्रही पुन्हा खुलला.

२०२४च्या बदलांपैकी दोन मला मनापासून पटले. पूर्वी टर्नमधल्या छोट्या जादा कृतीत, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनला मंत्र टाकला तर त्या टर्नला फक्त एका अ‍ॅक्शनची कॅन्ट्रिपच टाकता येई, आणि हे नव्या माणसाला समजावताना दर वेळी पुस्तक उघडावं लागे. आता सरळ आहे: एका टर्नला एकच स्लॉट खर्च करता येतो. दुसरा काउंटरस्पेलचा, म्हणजे समोरच्याचा मंत्र मोडणाऱ्या मंत्राचा. आधी तिसऱ्या पातळीपर्यंतचा मंत्र आपोआप मोडायचा. आता समोरच्याला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह मिळतो, आणि मंत्र मोडला तरी त्याचा स्लॉट जात नाही. खेळाडूचा मोठा मंत्र हवेत विरला तरी पुढच्या टर्नला आशा राहते. स्लीपचा बदल मात्र मला जड गेला. जुन्या नियमात ५डी८ हिट पॉइंटपर्यंतचे शत्रू सेव्हशिवाय झोपत, पहिल्या लेव्हलला एका मंत्रात तीन गॉब्लिन आडवे. आता विझडमचा सेव्ह आहे आणि कॉन्सन्ट्रेशनही. जुना स्लीप वरच्या लेव्हलला निरुपयोगी ठरायचा हे खरं, तरी दोनच स्लॉट असलेल्या नवख्या विझर्डचा तो हक्काचा आधार होता.

मधल्या काळात दुसऱ्या एका टेबलावर डन्जन क्रॉल क्लासिक्स हा वेगळा रोल-प्लेइंग खेळही खेळले. तिथे स्लॉटच नाहीत. प्रत्येक मंत्राला डी२० टाकायचा, जितकं वर तितका परिणाम मोठा. खाली गेला तर मंत्र दिवसभरासाठी हरवू शकतो, आणि फाशावर १ आला तर जादूगाराच्या अंगावरच विकृती उमटू शकते. बेरीज वाढवायला स्वतःची ताकद, चपळाई किंवा तग जाळता येते. थरार जबरदस्त आहे. पण आखणी करता येत नाही, आणि आखणी हा माझ्या आवडीचा भाग आहे. आर्स मॅजिका अजून खेळले नाही, फक्त वाचलंय: पाच क्रिया आणि दहा विषय, त्यांची जोडी लावून मंत्र स्वतः घडवायचा. एकेक मंत्र तयार करण्यात रमणाऱ्यांनी तो जरूर पाहावा.

कोणी काय खेळावं? अगदी पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी विझर्ड सुचवणार नाही. वॉरलॉक घ्या, मोजके मंत्र आणि मोजके स्लॉट, पण आधी डीएमला शॉर्ट रेस्टबद्दल स्पष्ट विचारा. सॉर्सररही चांगला, मंत्र कमी आणि मेटामॅजिकची, म्हणजे मंत्राला हवी तशी मुरड घालण्याची, मजा. ज्याला घरी बसून याद्या वाचायला, उद्या काय लागेल याचा अंदाज बांधायला आवडतं, त्याने बेलाशक विझर्ड घ्यावा आणि प्रत्येक मंत्र एका कार्डावर लिहून ठेवावा: पल्ला, वेळ, कोणता सेव्ह, कॉन्सन्ट्रेशन आहे की नाही. टेबलावरचा निम्मा वेळ वाचतो.

माझ्यापुढे आता आठव्या लेव्हलची निवड आहे. बुद्धिमत्ता १८वरून २०वर नेली तर सेव्ह डीसी १५चा १६ होतो. वॉर कास्टर हे खास कौशल्य घेतलं तर कॉन्सन्ट्रेशनच्या सेव्हला अ‍ॅडव्हान्टेज मिळतो आणि ते ६५ टक्के थेट ८८च्या आसपास जातात. चौथ्या पातळीचे माझे तिन्ही आवडते मंत्र, पॉलिमॉर्फ, वॉल ऑफ फायर आणि ग्रेटर इन्व्हिजिबिलिटी, कॉन्सन्ट्रेशनचेच आहेत. मी वॉर कास्टर घेतेय.