मोलची पुस्तिका: पोटॅशच्या गोणीपर्यंत झकास, लिमिटिंग रिएजंटला घसरते

जळगावात क्लासेसच्या भागातल्या झेरॉक्सच्या दुकानांत अकरावी सायन्सच्या मुलांसाठी एक स्पायरल बाइंडिंगची पुस्तिका मिळते. विषय एकच, मोल, म्हणजे अणू-रेणूंसारखे कण मोजायचं एकक. ग्रॅमचे मोल, मोलचे कण, मोलचे लिटर आणि शेवटी समीकरणावरून हिशेब. समजावणं मराठीत, संज्ञा वर्गात बोलतात तशा. दहावीपर्यंत 'रेणुवस्तुमान' म्हटलेलं आणि अकरावीत अचानक 'मोलर मास' (एका मोलचं ग्रॅममधलं वस्तुमान) कानावर आलेलं, अशा मुलांना ही भाषा सोयीची आहे.

पुस्तिकेतलं सगळ्यात चांगलं गणित पोटॅशच्या गोणीचं. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात म्युरेट ऑफ पोटॅश हे खत कोणाला नवं नाही. गोणीवर पोटॅशचं प्रमाण पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबाने ६० टक्के छापलेलं असतं. आत मात्र असतं पोटॅशियम क्लोराइड, ज्यात ऑक्सिजनच नाही. मग ऑक्साइड आलं कुठून? कुठूनच नाही, खतातलं पोटॅशियम ऑक्साइडच्या रूपात मोजायची ती जुनी रीत आहे. २ मोल पोटॅशियम क्लोराइड म्हणजे १४९ ग्रॅम. तेवढंच पोटॅशियम १ मोल, म्हणजे ९४ ग्रॅम, पोटॅशियम ऑक्साइडमध्ये. ९४ भागिले १४९ केलं की ६३ टक्के येतात. शुद्ध क्षाराला ६३ आणि गोणीवर ६०, म्हणजे माल साधारण ९५ टक्के शुद्ध. मोल, सहगुणक (समीकरणात पदार्थाआधी येणारा आकडा) आणि शुद्धता, तिन्ही एकाच गोणीत! असं गणित जाड गाइडांतही सहसा सापडत नाही.

सराफ बाजाराचं गणित मात्र घाईत उरकलंय. 'एक तोळ्याच्या दागिन्यात सोन्याचे अणू किती?' १० भागिले १९७ म्हणजे ०.०५०८ मोल, आणि ३.०६ × १०²² अणू, असं उत्तर दिलंय. हे २४ कॅरेटला ठीक. २२ कॅरेटच्या दागिन्यात सोनं ९.१७ ग्रॅमच, त्यामुळे अणू २.८ × १०²² होतात. शिवाय जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. प्रश्नात 'दागिना' लिहायचं आणि उत्तर चोख सोन्याचं द्यायचं, हे बरोबर नाही.

मांडणी शिस्तीची आहे. आधी समीकरण संतुलित करा, दिलेल्या पदार्थाचे मोल काढा, सहगुणकांच्या प्रमाणात हव्या त्या पदार्थाचे मोल काढा आणि मगच ग्रॅम किंवा लिटर. प्रत्येक ओळीत आकड्याबरोबर एकक लिहिलेलं, कटणारं एकक खोडलेलं. चुनखडीचं गणित पाहा: २५० ग्रॅम चुनखडी, ८० टक्के शुद्ध, तापवली तर कळीचा चुना किती? शुद्ध भाग २०० ग्रॅम, म्हणजे २ मोल. चुना २ मोल, म्हणजे ११२ ग्रॅम. शुद्धता विसरणाऱ्याचं उत्तर १४० येतं, आणि पर्यायांत १४० मुद्दाम ठेवलंय. परीक्षेतही असंच असतं.

वायूंच्या पानावर गोंधळ आहे. काही गणितांत मोलर आकारमान (एक मोल वायूने व्यापलेली जागा) २२.४ लिटर, काहींत २२.७, आणि का ते कुठेच नाही. दोन्ही शून्य अंश सेल्सिअसचेच. पहिलं १ ॲटमॉस्फिअर दाबाला, दुसरं १ बारला. प्रमाण दाब १ बार धरायचा हे आययूपीएसी या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये ठरवलं. एवढी एक ओळ पुरली असती. खरी गफलत वेगळीच होते: मुलं खोलीच्या तापमानालाही २२.४ ने गुणतात. मे महिन्यात पारा ४३ वर असताना १ ॲटमॉस्फिअरला एक मोल वायू जवळजवळ २६ लिटर जागा घेतो. खान्देशातल्या पुस्तिकेत हे गणित नसावं, याचं नवल वाटतं.

मोठी खोट लिमिटिंग रिएजंटच्या, म्हणजे अभिक्रियेत आधी संपणाऱ्या पदार्थाच्या, प्रकरणात. पहिलं उदाहरण २८ ग्रॅम नायट्रोजन आणि ४ ग्रॅम हायड्रोजनपासून अमोनियाचं. मोल १ आणि २. सहगुणकांनी (१ आणि ३) भागल्यावर १ आणि ०.६७. हायड्रोजन आधी संपतो, अमोनिया २२.६७ ग्रॅम होतो, नायट्रोजन ९.३३ ग्रॅम उरतो. बेरीज ३२, ताळा जमला. पण ज्याचे ग्रॅम कमी तो लिमिटिंग, असं ठोकून देणाऱ्या मुलाचंही उत्तर हायड्रोजनच येतं. पुढची तिन्ही उदाहरणं तशीच, त्यामुळे चुकीचा नियम चारही वेळा पास होतो. ८ ग्रॅम हायड्रोजन आणि ३२ ग्रॅम ऑक्सिजन घेतले असते तर लगेच उघडा पडला असता: मोल ४ आणि १, सहगुणकांनी (२ आणि १) भागून २ आणि १. इथे जास्त ग्रॅमचा ऑक्सिजनच आधी संपतो, पाणी ३६ ग्रॅम होतं, हायड्रोजन ४ ग्रॅम उरतो. शिकवणाऱ्यांनी ही पुस्तिका वापरायची तर हे गणित फळ्यावर आधी घ्यावं.

उत्तरं शेवटी आहेत, पण नुसते आकडे. चूक कोणत्या पायरीत झाली ते कळत नाही. विकत घेताना अणुवस्तुमानांचा तक्ता उजेडात धरून बघा. प्रतीवरून प्रत काढताना दशांश चिन्ह उडालं असेल, तर क्लोरीन ३५.५ चं ३५५ होतं आणि पोटॅशची अख्खी गोणी चुकते.