अँटलर ४ (ANTLR) : मराठी कीवर्डवाली प्रोग्रामिंग भाषा बनवताना वापरलं, त्याचा रिव्ह्यू

मालवणात पावसाळ्यात लाईट आणि नेट दोन्हीचा भरवसा नसतो, त्यामुळे पहिली आवडलेली गोष्ट हीच की दोनेक एमबीची जार फाईल (जावा प्रोग्रामची फाईल) एकदा उतरवून घेतली आणि मशीनवर जावा असलं की पुढे नेट लागतच नाही. फुकट आहे, बीएसडी हे ओपन सोर्स लायसन्स. टेरेन्स पार यांनी बनवलेलं टूल, आपण भाषेचं व्याकरण लिहून द्यायचं, लेक्सर (लिहिलेल्याचे शब्द पाडणारा) आणि पार्सर (शब्दांची रचना ओळखून झाड बनवणारा) ते तयार करून देतं.

मी शाळेतल्या मुलांसाठी छोटी ऑब्जेक्ट ओरिएंटेड भाषा करतोय. वर्ग म्हणजे क्लास, वस्तूचा साचा. वर्ग होडी, त्याच्यावरून वर्ग यांत्रिकहोडी, बस एवढंच. बेरीज गुणाकाराचे नियम सरळ लेफ्ट रिकर्शनने (नियमाची सुरुवात त्याच नियमाने) लिहिले तरी चालतात, गुणाकार वर ठेवला की आधी तोच होतो. दोन नियम अगदी सुरुवातीलाच एकमेकांना फिरून बोलवत असतील तर मात्र चालत नाही.

खरी परीक्षा देवनागरीची. व्हेरिएबल, वर्ग यांच्या नावात फक्त युनिकोडची (कंप्युटरमधल्या अक्षरांच्या यादीची) लेटर कॅटेगरी चालेल असं लिहिलं तर 'होडी' पहिल्याच मात्रेला तुटते, कारण काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं नाहीत, मार्क आहेत, त्यामुळे मार्क कॅटेगरीपण द्यावी लागते, ती दिली की झालं. पुढचं दुखणं 'वाऱ्याचावेग'. हा ऱ्य दोन पद्धतीने टाईप होतो, एक ऱ वापरून आणि एक साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारं जॉइनर घालून, दिसायला अगदी सारखे पण कंप्युटरला दोन वेगळी नावं! हे युनिकोडच्या नॉर्मलायझेशननेही (सारखी अक्षरं एकाच रूपात आणण्याच्या पद्धतीनेही) एक होत नाही, मी लेक्सरच्या आधी स्वतःच बदलून घेतो. मुलांना 'व्हेरिएबल सापडला नाही' दिसलं असतं तर ती बिचारी काय शोधणार होती? आकड्यांचा त्रास नाही, जावाचं पार्सइंट (मजकुरातून आकडा काढणारं फंक्शन) १२ हा आकडा देवनागरीतलाही वाचतं.

पण अँटलर घेतलं म्हणजे कंपायलर (आपली भाषा कंप्युटरला चालवता येईल अशी बदलणारा प्रोग्राम) झाला असं समजू नका. पार्सरचं झाड हातात मिळतं, पुढचं आपलं. एखादा वर्ग खाली लिहिलेला असून वर वापरला असेल म्हणून मी दोन फेऱ्या मारतो, पहिल्या फेरीत नुसती नावं गोळा, दुसरीत टाईप तपासणी (कुठली गोष्ट कुठल्या प्रकारची ते बघणं). मग मेथडचं, म्हणजे वर्गाच्या कामांचं टेबल. आईवर्गाच्या मेथड आधी त्याच क्रमाने, नवीन त्यांच्या खाली, आणि मुलीवर्गाने एखादी बदलली तर त्याच घरात नव्या मेथडचा पत्ता. ऑब्जेक्टच्या (वर्गावरून बनलेल्या वस्तूच्या) सुरुवातीला त्या टेबलाचा पॉइंटर, म्हणजे पत्ता. मी सी भाषेतला कोड काढतो, त्यात हे फार सुटसुटीत बसतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. परवा रात्री होडी टाईपच्या व्हेरिएबलमध्ये यांत्रिकहोडी ठेवून 'निघ' ही मेथड बोलावली आणि स्क्रीनवर 'वल्हं मारलं' न येता 'इंजिन सुरू' आलं, मी तसाच उठून आईला दाखवायला गेलो.