कसबा बावड्याच्या कोर्टातली मोफत वकील सेवा : माझं डिपॉझिट परत मिळालं त्याची गोष्ट

पाचपैकी पाच स्टार. आणि सविस्तर लिहितेय कारण कोल्हापुरात जन्म गेला तरी ही सोय आहे हे मला माहीतच नव्हतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असं नाव आहे, कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात ऑफिस. सीपीआर हॉस्पिटलसमोरच्या जुन्या कोर्टात जाऊ नका, तिथं ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, मी आधी तिकडंच गेलेले, मग तिथून केएमटीची बस पकडून बावड्याला.

तर मॅटर असा. राजारामपुरीत दोन वर्षं खोली भाड्यानं घेतलेली, डिपॉझिट ४० हजार. सोडताना मालक म्हणाले रंगाला गेले, नळ बदलला, तुझं काय शिल्लक नाही. दोनतीनदा "बघू की" झालं आणि नंतर फोनच उचलेनात. करार स्टॅम्पपेपरवर होता पण रजिस्टर केलेला नव्हता त्यामुळं मला वाटायचं आपलीच बाजू लंगडी, आणि ४० हजारासाठी वकील लावायचा तर त्यातले हातात किती राहणार. मामा तर सरळ म्हणाला, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, सोडून दे की गं."

ऑफिसात गेल्यावर पहिला प्रश्न मीच विचारला, मॅडम मला पगार आहे, मला चालतंय का फुकट? तर त्या म्हणाल्या बाईमाणसाला उत्पन्नाची अटच नाही. हे खरंच कुणी सांगत नाही हो! १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे, त्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीत असलेले, या सगळ्यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो, बाकीच्यांना आपल्या महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखाच्या आत उत्पन्न पाहिजे. वकिलाची फी सरकार भरतं. म्हणजे हे उपकार नाहीत, हक्क आहे, आणि तिथं माझ्याशी बोललेही तसंच, खुर्ची देऊन, सगळं ऐकून घेऊन.

वकील मॅडमनी करार वाचला आणि रजिस्टर नाही म्हणून मी रडवेली झालेले तर त्या म्हणाल्या, अगं करार रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची असते, भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. आणि रजिस्टर नसला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरतात, उलटं काय ते मालकानं सिद्ध करायचं. दोन महिने जी गोष्ट माझी कमजोरी समजून मी झोप घालवली ती कमजोरी माझी नव्हतीच. बाहेर येऊन पहिला फोन आईला केला.

मग अर्ज लोकअदालतीत दाखलपूर्व म्हणून घेतला, म्हणजे दावा न लावता आधीच बोलावून तडजोडीचा प्रयत्न. कोर्ट फी काही नाही. मालकांना नोटीस गेली आणि ते आले. पॅनेलवरच्या साहेबांनी त्यांना एवढंच विचारलं, रंगाचं बिल आहे का? ते म्हणाले घरचीच माणसं होती. मी खोली सोडायच्या दिवशी मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवलेला, चारी भिंती, मोरीतला नळ चालू करून दाखवलेला, तो तिथं लावला आणि सगळे गप्प. डिपॉझिट फोनपेनं दिलेलं तो स्क्रीनशॉटही होता. शेवटी ३४ हजारावर मिटलं, दोघांच्या सह्या झाल्या.

सहा हजार का सोडलेस असं मैत्रिणी विचारतात. तडजोड म्हणजे दोघांनी थोडं थोडं सोडायचं, आणि मला पैसे आत्ता पाहिजे होते. पण सही करायच्या आधी एवढं लक्षात ठेवा की लोकअदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. पटलं नाही तर सही करू नका, दावा लावायचा रस्ता उघडाच राहतो, जबरदस्ती कुणी करत नाही.

जाताना करार, आधार, पैसे दिल्याचा पुरावा सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स न्या, माझी एक चक्कर त्यातच गेली. जायच्या आधी काय विचारायचं असेल तर १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाईनवर फोन लावा.

आमच्या गल्लीतल्या काकूंचं पाणी मालकानं तोडलंय, खोली खाली कर म्हणून. पाणी, लाईट असं तोडता येत नाही, भाडे नियंत्रण कायद्यातच कलम २९ आहे. काकू घाबरल्यात, म्हणतात आमचं कोण ऐकणार. सोमवारी त्यांना घेऊन मीच बावड्याला चाललेय.