घरच्या नेटवर्कमध्ये लिनक्स: त्याच संगणकावर, विंडोजच्या आत की स्वतंत्र यंत्रावर?

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि पुण्यातल्या अनेक घरांत, उत्तम चालत असूनही विंडोज 11 च्या अटींत न बसणारा एखादा डेस्कटॉप शिल्लक राहिला. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल किंवा टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय नसेल, तर अधिकृतपणे विंडोज 11 त्यावर चढत नाही. त्यातच घरातली मुलगी किंवा मुलगा अभियांत्रिकीला असेल, तर प्रोग्रॅमिंगसाठी लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची मागणी आज ना उद्या होतेच. अशा वेळी चर्चा लगेच लिनक्सच्या कोणत्या प्रकाराची निवड करावी, उबुंटू की फेडोरा, यावर जाते. वास्तविक आधी ठरवायला हवे ते हे, की लिनक्स कोणत्या यंत्रावर राहणार, कारण घरातल्या इतरांची सोय किंवा गैरसोय बव्हंशी त्यावर अवलंबून असते.

पहिला मार्ग ड्युअल बूटचा, म्हणजे एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवून सुरू करताना निवड करण्याचा. यात नवा खर्च जवळजवळ नाही आणि प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड यांची सगळी ताकद लिनक्सला मिळते. एकट्या माणसाच्या संगणकासाठी हा मार्ग चांगला आहे. कुटुंबाच्या संगणकासाठी मात्र तो मला पटत नाही. मुलगी लिनक्समध्ये काम करत असताना वडिलांना टॅली उघडता येत नाही, आणि वडील टॅलीत असताना लिनक्सवरचे शेअर केलेले फोल्डर घरात कोणालाच दिसत नाही. नेटवर्कवरचे यंत्र इतरांना हवे तेव्हा हजर असले पाहिजे, ही साधी अपेक्षाच येथे पुरी होत नाही.

शिवाय लहान लहान कटकटी आहेत. मदरबोर्डवरच्या घड्याळातली वेळ विंडोज स्थानिक समजते आणि लिनक्स जागतिक प्रमाणवेळ समजते, त्यामुळे आपल्याकडे एका बाजूला गेल्यावर घड्याळ साडेपाच तास चुकलेले दिसू शकते. लिनक्समधल्या एका आज्ञेने हे दुरुस्त होते, पण ते आधी माहीत असावे लागते. विंडोज लवकर सुरू करणारे ‘फास्ट स्टार्टअप’ चालू राहिले तर डिस्कवरचा विंडोजचा भाग, म्हणजे त्याचे पार्टिशन, अर्धवट झोपलेल्या अवस्थेत राहते आणि लिनक्स त्यातल्या फाइल वाचू देते, पण त्यात लिहू देत नाही. सर्वांत गंभीर भाग डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या बिटलॉकरचा आहे: बूटची रचना बदलली की तो 48 अंकी रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती कोणत्या खात्यात साठवली आहे हे घरात कोणालाच आठवत नसेल तर डिस्कवरचा सगळा डेटा अडकून पडतो.

दुसरा मार्ग लिनक्स विंडोजच्या आतच चालवण्याचा, डब्ल्यूएसएल 2 या विंडोजच्याच सोयीच्या किंवा संगणकात आभासी संगणक चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सच्या साहाय्याने. कॉलेजच्या सी, पायथन किंवा शेल स्क्रिप्टिंगच्या सरावाला हे पुरेसे आहे आणि घरातल्या कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही. मात्र डब्ल्यूएसएल 2 मूळ रचनेत विंडोजच्या मागे, वेगळ्या अंतर्गत पत्त्यावर राहते. त्यामुळे दुसऱ्या खोलीतल्या लॅपटॉपवरून त्याच्याशी थेट संपर्क होत नाही, त्यासाठी वेगळी जोडणी करावी लागते. ते यंत्राची निम्मी रॅमही वापरू शकते, म्हणून 8 जीबीच्या संगणकावर ओढाताण जाणवते. लिनक्स शिकायचे असेल तर हा मार्ग जरूर घ्यावा. लिनक्सचे यंत्र घरच्या नेटवर्कमध्ये आणायचे असेल तर हा मार्ग नव्हे.

तिसरा मार्ग स्वतंत्र यंत्राचा, आणि वर सांगितलेला बाद डेस्कटॉप त्यासाठीच योग्य आहे. 8 जीबी रॅम आणि एक एसएसडी घातली की असे यंत्र लिनक्सवर नीट चालते, आणि घरच्या विंडोजला हातही लावावा लागत नाही. खर्च दोन ठिकाणी येतो. एक विजेचा: साधारण 50 वॅट खाणारा डेस्कटॉप अहोरात्र चालू ठेवल्यास महिन्याला 36 युनिट होतात, रोज सहा तास चालवल्यास 9. दुसरा यूपीएसचा. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते हे सर्वांना ठाऊक असते, पण अवेळी जाणाऱ्या विजेचे काय? लिनक्सची ईएक्सटी4 फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइल मांडण्याची पद्धत, अशा धक्क्यातून सहसा सावरते. त्या क्षणी लिहिली जात असलेली फाइल मात्र सावरेलच असे नाही.

हे यंत्र वाय-फायवर ठेवावे की केबलवर, याबाबत माझे मत स्पष्टपणे केबलच्या बाजूचे आहे. स्वस्त यूएसबी वाय-फाय डोंगलमधल्या काही चिपसेटना लिनक्समध्ये वेगळा ड्रायव्हर शोधावा लागतो, तर लॅनचे पोर्ट बहुधा पहिल्या क्षणापासून चालते. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत कॅट 6 केबल घेताना ती निखळ तांब्याची आहे ना, हे विचारून घ्यावे; तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्त पडते, पण लांब अंतरावर भरवशाची नसते. गिगाबिट वेगासाठी आतल्या आठही तारा जोडलेल्या लागतात. एखादी तुटली तर जोडणी बऱ्याचदा निमूटपणे 100 एमबीपीएसवर उतरते. राउटरचे पोर्टही तपासावे, कारण काही राउटरची पोर्ट मुळातच 100 एमबीपीएसची असतात. 40 जीबी फोटो अशा पोर्टवरून हलवायला तासभर लागतो. गिगाबिटवरून, दोन्हीकडे एसएसडी असल्यास, सहा-सात मिनिटे पुरतात.

फाइल वाटून घेण्यासाठी सांबा आणि एनएफएस हे दोन पर्याय समोर येतात. एनएफएस लिनक्स ते लिनक्स छान चालते, पण विंडोजच्या होम आवृत्तीत त्याच्याशी जोडणारा क्लायंटच नसतो, त्यामुळे मिश्र घरात सांबाला पर्याय नाही. तो विंडोज, मॅक आणि आयफोन यांना सहज कळतो. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या लॉगिन पासवर्डपेक्षा वेगळा नोंदवावा लागतो, आणि बहुतेक नवशिके येथेच अडतात. पासवर्डशिवाय उघडणारे फोल्डर शेअर करू नये. विंडोज 11 प्रोच्या नव्या आवृत्त्या ते मुळातच नाकारतात. राउटरमध्ये या यंत्राचा आयपी पत्ता राखून ठेवला की उद्या फोल्डर हरवल्याची तक्रार येत नाही.

डिस्ट्रोबाबत, म्हणजे लिनक्सच्या प्रकाराबाबत, फार वेळ घालवू नये. लिनक्स मिंट 22 किंवा उबुंटू 24.04 यांपैकी काहीही घ्यावे, दोन्हींना 2029 पर्यंत अपडेट आहेत; फेडोराची प्रत्येक आवृत्ती सुमारे 13 महिन्यांत जुनी होते, आणि घरातल्या यंत्राला ती धावपळ नको. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आयताच मिळतो. युनिकोडमधली कागदपत्रे लिब्रेऑफिसमध्ये उघडतात, पण आईबाबांच्या जुन्या श्रीलिपी फाइल त्या फॉन्टशिवाय निरर्थक अक्षरांसारख्या दिसतील. त्या विंडोजवरच राहू द्याव्यात. प्रिंटरचेही तसेच आहे. एचपीच्या बहुतेक प्रिंटरना लिनक्समध्ये अडचण येत नाही, पण घरोघरी दिसणाऱ्या कॅनन एलबीपी 2900 चा ड्रायव्हर बसवणे हा चिकाटीचा उद्योग आहे. त्यापेक्षा पीडीएफ शेअर केलेल्या फोल्डरमध्ये टाकून विंडोजवरून छापणे बरे.

घरात जुना डेस्कटॉप नसेल, जागा नसेल आणि ग्राफिक्स कार्ड लागणारे काम एकाच यंत्रावर करायचे असेल, तर ड्युअल बूट नाइलाजाने निवडावा लागतो. अशा वेळी लिनक्ससाठी दुसरी एसएसडी घ्यावी, बिटलॉकरची की कागदावर लिहून ठेवावी, आणि लिनक्स चढवताना विंडोजची डिस्क शक्य असल्यास काढून बाजूला ठेवावी.