पोकलेन-डंपर धुण्याचा धंदा: थंड पाण्याचा वॉशर घ्यावा की गरम पाण्याचा?

अवजड मशिनरी धुण्याच्या कामात उतरताना पहिला मोठा खर्च प्रेशर वॉशरचा, आणि तिथेच बहुतेकांचं अडतं. दुकानात गेलं की बारचा, म्हणजे पाण्याच्या दाबाचा, आकडा पुढे केला जातो. माझं म्हणणं असं की बारआधी आपल्या गिऱ्हाइकाच्या मशीनवर कोणती घाण बसते ते बघा.

खोदकामावरच्या मशीनवर मुख्यतः माती असते. चेनमध्ये, रोलरच्या मागे, स्प्रॉकेटच्या दातांत वाळून दगड झालेली. ती सुटते ती पाण्याच्या लोंढ्याने. 250 बारचा पण मिनिटाला 12 लिटर देणारा वॉशर आणि 200 बारचा 21 लिटर देणारा, यांत चिखलासाठी मी डोळे झाकून दुसरा घेईन. पहिला ढेकळाला भोक पाडतो, दुसरा ढेकूळ वाहून नेतो. या कामाला पाणी तापवून हाती फारसं काही लागत नाही. थंड वॉशर हलका, त्यात बिघडण्यासारखं कमी, आणि पंपाचे सील-व्हॉल्व्ह स्वतः बदलायला शिकता येतात.

ग्रीस आलं की गणित बदलतं. पोकलेनचा वरचा भाग ज्यावर फिरतो त्या टर्नटेबलखाली ग्रीस आणि धूळ मिळून जो काळा लगदा होतो, त्यावर थंड पाणी मारून बघा. लगदा इकडून तिकडे सरकतो, थोडा उडून तुमच्याच गमबुटांवर बसतो, पण पत्रा तेलकटच राहतो. तिथेच 80 अंशांचं पाणी मारलं की तो मऊ होतो, कडेने ओघळायला लागतो आणि खालचा रंग दिसतो. केमिकलही कमी लागतं. दुरुस्तीआधी मशीन धुऊन मागणारे वर्कशॉप किंवा जुन्या मशीन विकणारे हे गिऱ्हाईक असेल, तर थंड वॉशरवर दिवस पुरणार नाही.

मात्र गरम पाण्याची किंमत रोज मोजावी लागते. मिनिटाला 15 लिटर पाणी 60 अंशांनी तापवायचं तर बर्नर तासाला साधारण 7 लिटर डिझेल पितो. पाणी जड असेल तर कॉइलमध्ये, म्हणजे पाणी तापवणाऱ्या वेटोळ्या नळीत, क्षार धरतात, ते वेळोवेळी काढावे लागतात. वजनही बरंच, त्यामुळे साइटवर न्यायला ट्रेलर हवा. बर्नरचा धूर असतो, म्हणून बंद शेडमध्ये चालवता येत नाही. आणि तेलकट पाणी गटारात सोडायचं नाही. ते अडवून तेल वेगळं करण्याची सोय दोन्ही प्रकारांत लागते, गरम पाण्याच्या कामात जास्तच.

वाळलेल्या काँक्रीटला दोन्ही वॉशर हरतात. ते खरवडून किंवा त्यासाठीच्या केमिकलने काढायचं, तेव्हा ट्रान्झिट मिक्सरचं काम घेताना दर वेगळा सांगा.

सांभाळायचं मात्र दोन्हीकडे सारखंच. रेडिएटरवर तिरका झोत मारला की त्याच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन, वाकतात आणि मशीन तापायला लागतं. लांबून, सरळ, 40 अंशांच्या कोनात झोत पसरवणाऱ्या नोझलने मारा. वायरिंगचे कनेक्टर, अल्टरनेटर, सिलिंडरचे सील यांच्याजवळ झोत नेऊ नका. धुऊन झालं की पिनांना ग्रीस भरा, म्हणजे आत शिरलेलं पाणी बाहेर पडतं. बकेट जमिनीला टेकवल्याशिवाय खाली वाकू नका. आणि झोत कातडीत घुसला तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच इस्पितळ गाठा. पाणी आत खोलवर गेलेलं असतं, त्यात बोट गमवायची वेळ येते.

चिखल आणि ग्रीस दोन्ही मिळणार असेल तर मी आधी जास्त लिटरचा थंड वॉशर घेईन आणि ग्रीसची कामं वाढली की गरम. थंड वॉशरच्या पंपाला गरम पाणी जोडून भागवायचा विचार मात्र सोडा, बहुतेक पंपांना ते सोसत नाही, सील जातात.

तरीही ठरत नसेल तर गरम वॉशर एका दिवसासाठी भाड्याने आणा. एकाच मशीनच्या बूमची, म्हणजे मोठ्या हाताची, एक बाजू थंड पाण्याने धुवा, दुसरी गरम पाण्याने, आणि दोन्ही वेळा घड्याळ लावा.